बगळा मोडल्यावर

आबा फार चांगले आहेत, असं सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी एकालाही त्यांच्याबरोबर भर उन्हात सायकल उलटी करून बसावं लागलेलं नसतं. मी बसलेय. मोजायचं सोडून दिलं इतक्या वेळा बसलेय, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन नवऱ्याला निक्षून सांगितलंय की पुढच्या रविवारी हा माणूस असेल तर मी जाणार नाही. नवरा आता वर बघतसुद्धा नाही. "गजर कितीचा लावू?" एवढंच विचारतो.

माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. चाळिशी ओलांडल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी मला रविवारच्या सायकलवाल्यांत ओढलं. सहा-सात जण. उजाडता निघायचं, इंदापूरच्या बाजूला पंचवीस-तीस किलोमीटर जायचं, कुठंतरी मिसळ खायची आणि उन्हं तापायच्या आत परत. कुणालाही झेपेल असा बेत. या साध्या बेताची आबांनी पार वाट लावली.

आबा माळेगाव बुद्रुकचे. सगळी नोकरी साखर कारखान्यात उसाच्या मिलवर फिटर म्हणून झाली. आता वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, पांढरा शर्ट, लेंगा, आणि लेंग्याच्या उजव्या पायाला कपड्याचा चिमटा. डोक्यावर गांधी टोपी आणि टोपीवरून हेल्मेट. डॉक्टरांनी एकदा टोपी काढायला सुचवलं होतं. "टोपी माझी हाय, हेल्मेट सरकारचं हाय," म्हणाले. सायकल जुनी, लोखंडी, तिला मागं सात चक्रांचा गिअर त्यांनी स्वतः बसवलेला. तिच्यावर धूळ बसलेली मी कधी पाहिली नाही.

सायकलच्या भागांना त्यांची स्वतःची नावं. मागच्या चाकाजवळ चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारा जो वाकडा दांडा लोंबत असतो, त्याला डॉक्टर डिरेलर म्हणतात. आबा त्याला बगळा म्हणतात. लांब मानेचा, एका पायावर उभा आणि दिसेल त्या काडीत चोच घालणारा. आता आमच्या ग्रुपात सगळेच बगळा म्हणतात, मीही म्हणते, आणि म्हटल्यावर माझा मलाच राग येतो.

त्यांचा एक नियम होता. ज्याची सायकल मोडेल त्यानंच ती दुरुस्त करायची, तिथंच, रस्त्याच्या कडेला, आणि तीच चालवत घरी यायचं. आबांच्या पाठीवरच्या खाकी पिशवीत जगातली सगळी हत्यारं, पण आबा दुसऱ्याच्या सायकलला बोट लावणार नाहीत. शेजारी उकिडवे बसून फक्त बोलणार. "ज्याला आपलं मशीन उघडता येत न्हाय, त्यानं ते चालवू न्हाय," हे त्यांचं वाक्य मी झोपेतही म्हणू शकेन.

मला या नियमाची ओळख झाली ती माझ्या तिसऱ्याच रविवारी. सणसरच्या अलीकडं चढावर जोर लावला आणि चेन तुटली. मी शहाण्या माणसासारखा मोबाइल काढला आणि ओळखीच्या टेम्पोवाल्याला बोलावलं. टेम्पो आला. आबा उठले, ड्रायव्हरजवळ गेले, त्याच्या घरच्यांची चौकशी केली, आणि टेम्पो वळून गेला. मी बघतच राहिले.

"आबा, तो माझ्यासाठी आला होता."

"व्हय. मी सांगितलं, काय गरज न्हाय म्हणून."

"मला गरज आहे की."

"तुला कटरची गरज हाय," ते म्हणाले आणि चेन कटर माझ्या हातात ठेवला. "आधी सांग, काय मोडलंय?"

"चेन तुटलीय."

"कुठली कडी? आतली का भायरची? पत्रा फाटलाय का पिन निसटलीय?"

सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही. ते सांगण्यात वीस मिनिटं गेली, कारण मी जे जे म्हणत होते ते चूक निघत होतं. मग मोडकी कडी काढायला मी कटर लावला आणि पिन ढकलली. चांगला जोर लावून, पार पलीकडं. टपकन हातात आली. मी विजयानं दाखवली.

"झालं?" आबा म्हणाले. "आता बसव परत."

ती परत बसत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक असेल, चेनची पिन एकदा पूर्ण बाहेर आली की रस्त्याच्या कडेला ती परत सरळ बसवणं जवळजवळ अशक्य. थोडी आत अडकवून ठेवायची असते. हे आबांना ठाऊक होतं. मी ढकलत असताना ते माझ्या हाताकडंच बघत होते.

"पिन उंबऱ्यापर्यंत आणायची," ते आता म्हणाले. "उंबरा वलांडला की ती घरात येत न्हाय."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगून ध्यानात ऱ्हात न्हाय."

मी सव्वा तास त्या पिनेशी झटले. दिवसभर दुकानात चष्म्याचे स्क्रू बसवते मी, या पिनेच्या निम्म्यानं बारीक. तेही बोलून दाखवलं. "मग तुला काय आडचण हाय?" असं उत्तर मिळालं. शेवटी पुढची एक कडी आणखी तोडून, या खेपेला उंबऱ्यावर थांबून, मी चेन जोडली. हात कोपरापर्यंत काळे, पोटात भुकेची आग. तेव्हा आबांनी पिशवीत रुमाल शोधताना चार वस्तू बाहेर काढल्या आणि त्यात एक नवाकोरा चेन लॉक होता. तुटलेली चेन दोन मिनिटांत जोडणारी कडी. माझ्याच मापाची.

"हा होता तुमच्याकडं?"

"हाय की."

"मग दिला का नाही?"

"त्यो पावसाळ्यासाठी हाय," आबा म्हणाले आणि लॉक परत पिशवीत ठेवला.

आता अशा माणसाला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या पिशवीतली सगळ्यात डोक्यात जाणारी वस्तू म्हणजे स्टीलची ताटली. हंगाम संपला की कारखान्यातली मिल पूर्ण उघडतात, आणि काढलेला प्रत्येक नटबोल्ट काढला त्याच क्रमानं मांडून ठेवतात. आबांनी जन्मभर ते केलं, ते ठीक. पण आमच्या सायकलीचा एक वॉशर काढला तरी तो ताटलीत वरच्या बाजूला ठेवायचा, त्यापुढचा त्याच्या उजवीकडं, असं घड्याळाच्या काट्याप्रमाणं गोल. बसवताना उलट्या फेऱ्यानं यायचं. क्रम चुकला की आबा ताटली उचलून सगळं मातीत ओततात. ओततात म्हणजे खरंच ओततात. आणि काम झालं की तीच ताटली लेंग्याला पुसून तिच्यात भडंग काढतात. "घ्या," म्हणतात. ग्रीसचा वास मारणारं भडंग मी किती खाल्लंय याचा हिशेब वरतीच होईल.

डॉक्टरांची सायकल भारीतली, परदेशी. एका रविवारी लासुर्ण्याजवळ ट्रॉलीतून पडलेलं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, तिच्या बगळ्यात गेलं आणि बगळा मोडून चाकात वळला. डॉक्टर हताश होऊन उभे. आबांनी ताटली मांडली.

"आबा, मी माणसाच्या जबड्यात काम करतो," डॉक्टर म्हणाले, "पण हे मला जमणार नाही."

"तुमचं दात उपटून भागतं. हितं परत बसवायचा असतोय."

त्या दिवशी आम्ही सगळे एक गोष्ट शिकलो, आमची इच्छा नसताना. बगळा गेला की तो सोडवून काढायचा, चेन तोडून छोटी करायची आणि मागच्या एकाच चक्रावर कायमची चढवायची. गिअर बदलत नाहीत, पण सायकल चालते. डॉक्टर तेवीस किलोमीटर एका गिअरवर पाय मारत घरी आले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांना खुर्चीवरून उठता येत नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आबांपासून रविवारी सुटका नाही हे एक वेळ समजू शकते. पण ते बाजाराला आले की माझ्या दुकानात येतात. आत येण्याआधी बाहेर लावलेल्या सायकली बघतात. एकदा मी एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते, त्यांना खालून दुसरी ओळ वाचायला लावली होती, आणि आबांनी दारातून विचारलं, "भायरची काळी सायकल कुणाची?" त्या गृहस्थांनी भिंगांची चौकट डोळ्यांवर तशीच ठेवून हात वर केला. आबा त्यांना बाहेर घेऊन गेले. पंधरा मिनिटांनी ते परत आले ते काळे हात घेऊन, आणि चष्मा न करताच गेले. "चेन वाळली होती त्यांची," आबा मला म्हणाले. "करकर वाजत आसंल. बायको कशी नांदती कुणास ठाऊक."

मोबाइलवर तर विचारूच नका. ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असला, सगळे फुलं आणि केक टाकतात. आबा आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. आधी अर्धा मिनिट खोकला, मागं म्हैस, आणि मग, "चेन पुसली का?" माझ्या लग्नाच्या वाढदिवसालाही हेच आलं होतं. नवऱ्यानं ते तीनदा ऐकलं आणि हसत बसला.

मी ग्रुप सोडणार होते. खरंच सोडणार होते, डॉक्टरांना तसं सांगूनही झालं होतं. त्याच आठवड्यात आबांचा मुलगा दुकानात आला. शाळेत शिक्षक आहे, बापाच्या अगदी उलट, मऊ बोलणारा. जवळचा चष्मा करायचा होता. माप घेता घेता मी आबांचं गाऱ्हाणं सुरू केलं, तर तो हसला आणि म्हणाला, "तुम्हाला अट माहीत नाही वाटतं."

चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा त्यानं आबांना सांगितलं होतं की आता सायकल पुरे, या वयात कुठं पडलाबिडलात तर कोण बघणार. घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आबांनीच तोड काढली. स्वतःची सायकल वाटेत बिघडली तर स्वतःच्या हातानं दुरुस्त करून ती चालवत घरी आणायची. ज्या दिवशी हे जमणार नाही, त्या दिवशी आबा आपल्या हातानं कुलूप लावणार. पुन्हा विषय काढायचा नाही, दोघांनीही.

"मला वाटलं, दोन महिन्यांत येईल तो दिवस," मुलगा म्हणाला. "आता मलाच वाटतं, येऊ नये. बाकीचे सहा दिवस ते रविवारसाठीच जेवतात, ताई."

मग मी ग्रुप सोडला नाही. आबांचा छळ काही कमी झाला नाही, पण ते टेम्पो का परत पाठवतात हे तरी कळलं. स्वतःला लावलेली अट त्यांनी आम्हा सगळ्यांनाही लावली होती, आम्हाला न विचारता. हेही त्यांच्या स्वभावाला धरूनच.

गेल्या जानेवारीत एका रविवारी डॉक्टर लग्नाला गेले, बाकीच्यांना सर्दी झाली, आणि आम्ही दोघंच निघालो. कारखाने जोरात होते. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, कर्णे, धूळ. म्हणून अंथुर्ण्याच्या पुढं आबांनी डांबरी सोडून कॅनॉलच्या कडेची मातीची वाट धरली. मी नको म्हणत होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी ती वाट उखणलेली, वर बाभळीच्या वाळक्या फांद्या. अर्ध्या तासात व्हायचं ते झालं. खाडकन आवाज आला आणि आबा पाय टेकून उभे राहिले. बाभळीची एक फांदी बगळ्यात शिरली होती. बगळा तुटून चेनला लोंबत होता आणि चेनची एक कडी पिळवटलेली.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की बरं झालं. इतक्या दिवसांत यांची सायकल कधी बिघडलेली मी पाहिली नव्हती. आता बसू दे यांना ताटली मांडून, आणि मी शेजारी उकिडवी बसून बोलते.

"काय मोडलंय, आबा? आधी सांगा," मी म्हटलंसुद्धा.

आबांनी पिशवी खाली ठेवली. सायकल उलटी केली, ताटली मांडली, बगळा सोडवून तिच्यात ठेवला. इथपर्यंत ठीक. मग कटर घेतला आणि चेन त्यात धरायला लागले. पिनेच्या डोक्यावर कटरचं टोक नेमकं यावं लागतं. ते येईना. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा चेनच हातातून पडली. तिसऱ्यांदा त्यांनी टोक टेकवलं आणि दांडा फिरवला, तर ते पिनेवरून घसरलं. ते परत फिरवायला लागले. मला ताटलीत लाल थेंब दिसला.

"आबा, बोट कापलंय."

"कुणाचं?" आबांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरून वर केला. कटरच्या टोकानं बोटाचं पेर चांगलं खोल फाडलं होतं. आबा त्या बोटाकडं बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडं.

"कळत न्हाय," ते म्हणाले. "दिवाळीपासनं. ह्या तीन बोटांस्नी कायच कळत न्हाय. साखरेनं आसं व्हतं, गावातला डाक्टर म्हणला."

"घरी माहितेय?"

"न्हाय."

दिवाळीपासून म्हणजे तीन महिने. तीन महिने हा माणूस आमच्या शेजारी बसून पिन उंबऱ्यावर थांबवायला शिकवत होता आणि त्याला स्वतःला पिन हाताला लागत नव्हती. दुसऱ्याच्या सायकलला हात लावायचा नाही हा नियम जुनाच, त्यामुळं आमच्यातल्या एकालाही शंका आली नाही. मला रडू यायला हवं होतं, पण मला इतका संताप आला की मी त्यांच्या बोटाला रुमाल बांधताना मुद्दाम घट्ट बांधला. तोही त्यांना कळला नसणार.

मी मोबाइल काढला. मुलाचा नंबर समोर होता. तासाभरात तो गाडी घेऊन आला असता आणि आबांची सायकल कायमची बंद झाली असती. मी मोबाइल परत ठेवला.

"द्या तो कटर इकडं."

"न्हाय."

"आबा, द्या म्हणते ना."

"माझी सायकल हाय. मी करतो."

त्यांनी आणखी दोनदा केलं. दोन्ही वेळा टोक घसरलं. मग कटर ताटलीत ठेवला आणि कॅनॉलकडं तोंड करून बसले. मी कटर उचलला तेव्हा वळले नाहीत.

वाटलं होतं, आता तरी गप्प बसतील. दोन मिनिटं बसले. मग पाठमोऱ्यानंच सुरू झालं. "आवाज आयकतोय मी. जोर लावू नगं." मी म्हटलं, लहान चक्रावर चेन घेते, म्हणजे लवकर पोचू. तर म्हणे, मधल्या चक्रावर घे, सरळ रेघ पायजे, न्हायतर चेन उडंल. मी कड्या मोजून तोडल्या, पिन उंबऱ्यावर थांबवली, दुसरं टोक आणलं, पिन परत आत दाबली, बोटांनी कडी हलवून मोकळी केली. पहिल्या झटक्यात. सणसरची मी आणि आताची मी यांत केवढा फरक पडला होता. चेन दोन्ही हातांत धरून मी उभी राहिले.

"झाली," मी म्हटलं.

आबा माझ्याकडंच तोंड करून बसले होते. "आता घाल."

घालणार कुठं? चेन सायकलच्या मागच्या दांड्याभोवतून घेऊन मग जोडायची असते. मी ती बाहेरच जोडली होती. माझ्या हातात नुसती माळ होती, आणि ती सायकलवर चढवायची तर सायकल कापावी लागली असती.

"तुम्ही कधी वळलात, आबा?"

"मगाशीच. तू दुसरं टोक धरलंस तवा."

"मग तुम्हाला दिसत होतं."

"व्हय."

"आणि बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुला दिसंल."

त्यांची आयुष्यातली एकुलती एक चैन माझ्या हातात होती, बोटाला चिंधी बांधलेली होती, आणि तरी हा माणूस मला शिकवत होता. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पलीकडं उसाला पाणी देणारा एक माणूस फावडं टाकून बांधावर येऊन उभा राहिला. आबा सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तोड परत. पिन उंबऱ्यावर ठिव."

परत तोडली, दांड्याभोवतून घेतली, जोडली. चाक मागं ओढून चेन ताणली. सायकल सरळ केली, पेडल फिरवलं, चाक फिरलं. आबांनी कान देऊन आवाज ऐकला आणि हेल्मेट घातलं. शाबासकी वगैरे काही नाही. अंथुर्ण्यापासून माळेगाव अडतीस किलोमीटर. त्या एका गिअरवर आबा पुढं आणि मी मागं. चढ आला की ते उतरून चालायचे आणि मीही उतरायची. माझी सायकल धडधाकट होती, मी पुढं जाऊन बारामतीत आंघोळ करून जेवले असते. पण त्यांची चेन उडाली तर त्यांना चढवता आली नसती. म्हणून मागं राहिले.

काटेवाडीत नळावर थांबलो. मी माती लावून, मग हॉटेलातला साबण मागून कोपरापर्यंत हात घासले. नखांतलं काळं काडीनं काढलं. आबांचे हात तसेच काळे राहू दिले.

"घरी मी बोलते," मी म्हटलं. "तुम्ही काही बोलू नका. दुरुस्ती तुम्ही केलीत. मी फक्त ताटली धरली. कळलं?"

"हं," आबा म्हणाले.

बारामती आली. माझी गल्ली गेली. पुढचे आठ किलोमीटर मी सगळं मनात घोकत होते, मुलगा काय विचारेल, मी काय सांगेन, कुठं हसेन. माळेगावात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मुलगा फाटकातच उभा होता, सूनबाई ओट्यावर. त्याची नजर आधी बापावर गेली आणि मग मागच्या चाकावर.

"आबा, बगळा कुठंय?"

"मोडला. अंथुर्ण्याच्या म्होरं."

"मग तिथनं कसं आलात?"

"एका गिअरवर," मी घाईनं म्हटलं. "आबांनी चेन छोटी करून बसवली. मी नुसती ताटली धरून उभी होते. बोट कापलं त्यांचं, पण ऐकतात का?"

फार छान बोलले मी. माझा माझ्यावरच विश्वास बसला. मुलाचा चेहरा उजळला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "मी म्हणत नव्हतो? अजून दहा वर्षं आबांना काही होत नाही." सूनबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला. आबा ओट्यावर बसून घटाघटा सगळा तांब्या प्यायले. तोंड पुसलं.

"ती खोटं बोलती," आबा म्हणाले. "तिनं केलंय. मला जमलं न्हाय."

आणि हाताची तीन बोटं पुढं करून सगळं सांगितलं. दिवाळीपासनं, डाक्टर, साखर, सगळं.

मुलानं ती बोटं आपल्या हातात घेतली. मग म्हणाला, "असू द्या, आबा. तुम्ही सांगितलं, यांनी केलं. म्हणजे तुम्हीच केल्यासारखं आहे."

"न्हाय," आबा म्हणाले.

ते उठले. सायकल गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत नेली. कुलूप आणलं. किल्ली भोकात जाईना. डाव्या हातानं भोक चाचपून, तोंड कुलपाजवळ नेऊन, ते किल्ली बसवत राहिले. आम्ही तिघं बघत होतो. कुणी पुढं झालं नाही. झालो असतो तरी त्यांनी हात लावू दिला नसता. शेवटी कुलूप लागलं. किल्ली त्यांनी मुलाच्या हातात ठेवली.

माझं डोकं फिरलं. अडतीस किलोमीटर, दोनदा तोडलेली चेन, घासून घासून लाल केलेले हात, सगळं या माणसानं चार शब्दांत मातीला मिळवलं होतं.

"काय गरज होती, आबा?" मी म्हटलं. "कुणाला कळलं नसतं."

"तुला कळलं असतं."

"मला कळून काय बिघडणार होतं?"

"दर आइतवारी तू माझ्या मागं राह्यली असतीस. आज राह्यलीस तशी. मी उतरलो की उतरली असतीस. पुढं गेली नसतीस कवाच."

"राहिले असते. कोण नाही म्हणतंय?"

"म्हणूनच," आबा म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी चहा घेतला नाही. सूनबाई दोनदा म्हणाली, मुलगा फाटकापर्यंत आला, तरी थांबले नाही. हेल्मेट घातलं आणि निघाले, आणि बारामती येईपर्यंत त्या माणसावर चिडून रडत होते.